घरापासून अर्ध्या तासावर, पण घरी नाही

ॲरिझोनातल्या चँडलरहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी तिथेच जन्मलेली, नुकतीच बायॉलॉजीची पदवी मिळालेली. पुढे मेडिकलला जायचंय. पण त्याआधी एक वर्ष तिला फिनिक्समधल्या एका कॅथलिक सेवा उपक्रमात काढायचंय. आणखी पाच जणांसोबत एका घरात राहायचं, दिवसा बेघरांच्या अन्नछत्रात आणि दवाखान्यात काम करायचं, हातखर्चाला महिना दीडशे डॉलर. आई विचारतात, वर्ष वाया जाणार नाही ना? आम्ही गौरी-गणपती बसवणारी माणसं, तिला धर्म बदलायला लावतील का? आणि आमचं घर गाडीने अर्ध्या तासावर असताना तिने तिथे परक्यांत कशाला राहायचं?

ताई, तिसरा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलात. मी त्याच्यापासूनच सुरुवात करते, कारण या वर्षाचा गाभा तिथेच आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सल्ल्याला येणारा एक मुलगा अशाच एका घरात राहिला होता, वाळवंटातल्याच शहरात. फोनवर तो सेवेबद्दल कमी आणि एसीबद्दल जास्त बोलायचा. विजेचं बिल सगळ्यांच्या सामाईक पैशातून जायचं. जुलैत एकाला थर्मोस्टॅट 76 फॅरनहाइटवर हवा असायचा. दुसरी म्हणायची, 82 वर ठेवा, आपल्याकडे जेवायला येणारी माणसं रात्री फुटपाथवर झोपतात. तीन आठवडे नुसती धुसफूस चालली होती. शेवटी एका रात्री सगळे स्वयंपाकघरात फरशीवर बसले, वीजबिल मध्ये ठेवलं आणि 79 वर ठरलं. मंगळवारी स्वयंपाकाची पाळी त्याची, म्हणजे मुगाची खिचडी ठरलेली. पहिल्या महिन्यात फोडणी पडली की कुणीतरी उठून खिडकी उघडायचं. डिसेंबरात लोणच्याची बरणी संपली तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर त्याच लोकांनी केली.

घरून ये-जा केली तर तुमच्या मुलीला हे काहीच मिळणार नाही. तुम्ही डबा द्याल, कपडे धुवाल, एसी तुमच्या मनाप्रमाणे चालेल. या उपक्रमांत एकत्र राहणं ही राहण्याची नुसती सोय नसते, ते कामच असतं. डोरोथी डे आणि पीटर मॉरिन यांनी 1933 मध्ये न्यूयॉर्कमध्ये गरिबांना अन्न आणि आसरा देणारी कॅथलिक वर्कर चळवळ सुरू केली. वाढणाऱ्याने आणि जेवणाऱ्याने एका छपराखाली राहावं, हा तिचा आग्रह होता. फिनिक्समधलं आंद्रे हाउस हे बेघरांना जेवण देणारं घरही त्याच वळणाचं, 1984 मध्ये होली क्रॉस या कॅथलिक संघाच्या दोन धर्मगुरूंनी सुरू केलेलं. 1956 मध्ये अलास्कातल्या एका शाळेतून ज्याची सुरुवात झाली, तो तरुणांना सेवेसाठी पाठवणारा जेझुइट व्हॉलंटिअर कोअर हा कॅथलिक उपक्रमही आपल्या चार मूल्यांमध्ये सहजीवन आणि साधी राहणी यांना सामाजिक न्याय आणि अध्यात्माच्या बरोबरीनं ठेवतो.

आता धर्माबद्दल. तुमची भीती मला मुळीच क्षुल्लक वाटत नाही. अशा घरांत आठवड्यातून एक संध्याकाळ प्रार्थनेची किंवा मनन-चिंतनाची असते. काही उपक्रम फक्त ख्रिस्ती तरुणांना घेतात, काही कुठल्याही श्रद्धेच्या. तिच्या उपक्रमाने तिला निवडलंय, म्हणजे ती हिंदू आहे हे त्यांना माहीत असणारच, तरी मुलीने स्वतः ईमेलवर विचारावं: प्रार्थनेला बसणं सक्तीचं आहे का, त्या संध्याकाळी मी माझ्या परंपरेतलं काही वाचलं तर चालेल का, गणेश चतुर्थीला सुट्टी मिळेल का. उत्तर लेखी घ्यावं. उत्तर गुळमुळीत आलं तर तिने जाऊ नये, असं मी तिलाही सांगेन. श्रद्धेने काम करणाऱ्या माणसांजवळ वर्षभर राहून आपली श्रद्धा नक्की काय आहे हे बावीसाव्या वर्षी तपासून बघायला मिळणं मला तरी चांगलंच वाटतं.

वर्ष वाया जाईल का? अमेरिकेत मेडिकलला प्रवेश घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं पदवीनंतर किमान एक वर्ष थांबलेली असतात. तेव्हा थांबल्याने काही बिघडत नाही. वेळापत्रक मात्र आत्ताच मांडा. अर्ज जूनच्या सुमारास जातात आणि वर्ग सुरू होतात त्याच्या पुढच्या वर्षी. यंदा अर्ज गेला नसेल, तर सेवेच्या शेवटी, पुढच्या जूनमध्ये जाईल आणि एका वर्षाची दोन वर्षं होतील. हे तिला माहीत आहे का, ते विचारा. एमकॅटचे, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचे, गुण बहुतेक कॉलेजं दोन-तीन वर्षांपर्यंतच धरतात. प्राध्यापकांची शिफारसपत्रं आत्ताच घेऊन ठेवावीत, वर्षभराने त्यांना चेहरा आठवत नाही. आणि दवाखान्यात काम म्हणजे हातात स्टेथोस्कोप, असं तिच्या डोक्यात असेल तर ते काढा. परवान्याशिवाय ती उपचार करणार नाही. फॉर्म भरेल, रांग लावेल, माणसांना नावाने हाक मारेल.

फिनिक्समध्येच सिस्टर एडेल ओसलिव्हन या नन आणि डॉक्टर असलेल्या बाईंनी ‘सर्कल द सिटी’ उभं केलं. पायाच्या जखमेवर टाके घालून हॉस्पिटलने सोडलं, पण जायला घर नाही, अशा माणसाने बरं व्हायचं कुठे? त्या माणसासाठी तिथे खाटा आहेत. आणि जॉन व्हॅन हेंगेल हे सेंट व्हिन्सेंट द पॉल या कॅथलिक सेवासंस्थेच्या भोजनगृहातले साधे स्वयंसेवक. दुकानांनी टाकून दिलेलं अन्न वेचून मुलांना भरवणाऱ्या एका आईशी ते बोलले आणि त्यातून 1967 मध्ये फिनिक्समध्ये जगातली पहिली फूड बँक, म्हणजे जमवलेलं अन्न गरजूंपर्यंत पोचवणारं कोठार, निघाली. तुमची मुलगी असं काही करेल, असं माझं म्हणणं नाही. पण डॉक्टर होण्याआधी हे प्रश्न जवळून पाहिलेली मुलगी पुढे पेशंटला डिस्चार्ज देताना ‘घरी कोण आहे?’ हे विचारेल, याची मला खात्री वाटते.

पैशांचं थोडक्यात. सव्वीस वर्षांपर्यंत ती तुमच्या आरोग्यविम्यात राहू शकते, तरी उपक्रमाचा विमा काय आहे ते बघा. सरकारी शैक्षणिक कर्ज असेल तर पदवीनंतर सहा महिन्यांनी हप्ते सुरू होतात. ते पुढे ढकलायला वेगळा अर्ज करावा लागतो आणि दरम्यान व्याज चढू शकतं.

खरी काळजी मला उन्हाची वाटते. 2023 मध्ये फिनिक्समध्ये सलग 31 दिवस दुपारचा पारा 110 फॅरनहाइट, म्हणजे 43 सेल्सिअस, किंवा त्याच्या वर होता. त्या वर्षी फिनिक्स ज्यात येतं त्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेने 645 माणसं गेली, त्यात बेघर खूप होते. डांबर इतकं तापतं की अनवाणी किंवा पडलेला माणूस भाजून निघतो. हे उपक्रम बहुधा ऑगस्टमध्ये सुरू होतात, ऐन तडाख्यात. रांगेत उभं राहायचं काम किती वाजता असतं, कुणी कोसळलं तर कुणाला बोलवायचं, तिच्यावर देखरेख करणारं अनुभवी माणूस रोज हजर असतं का, हे तिने पहिल्या आठवड्याआधी विचारलंच पाहिजे. देखरेखीचं माणूस ‘गरज पडली तर फोनवर’ असेल, तर मी नाही म्हणेन.

पत्रात एका ओळीत तुम्ही लिहिलंय की कॉलेजात असताना बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेला होतात, मे महिन्यात, चंद्रपूरच्या त्या उन्हात. सकाळी कुदळ, दुपारी चर्चा, रात्री अनोळखी मुलींसोबत सतरंजीवर झोप. तुमच्या आईने तेव्हा काय म्हटलं होतं? मुलीशी या विषयावर पुन्हा बोलायला बसाल तेव्हा आधी ती हकीकत तिला सांगा. तिला ती ठाऊक आहे, असं पत्रावरून तरी वाटलं नाही.