'मूव इन'ची तारीख नेमकी कोणती?

इंग्लंडातल्या लीड्सच्या घरभाड्याच्या एजंटच्या मेलमध्ये कुठे 'मूव इन', कुठे 'मूव आउट' आहे, आणि खोली दाखवणाऱ्या मुलीनं 'मूव इन विथ अस' लिहिलंय. हे सगळं एकच का, असं तू विचारलंस. मी धंतोलीत वाढले, आता लीड्सलाच राहते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी आपली सवय. नागपुरात आपण 'प्रतापनगरला शिफ्ट होऊन राहिलो' म्हणतो, आणि इंग्रजी बोलतानाही तोंडात 'शिफ्ट'च येतं. इथे घर बदलण्याला 'मूव' म्हणतात; 'शिफ्ट' म्हटलं की कामाची पाळी डोळ्यांपुढे येते. एजंटला 'आय अ‍ॅम मूव्हिंग टू लीड्स' असंच लिही.

'मूव इन' म्हणजे सामानसुमान घेऊन राहायला जाणं. त्याच्यापुढे घराचा उल्लेख येत नाही. 'वी मूव्ह्ड इन ऑन सॅटर्डे', वाक्य संपलं. घर सांगायचंच असेल तर 'मूव्ह्ड इनटू द फ्लॅट'. घर सोडणं म्हणजे 'मूव आउट', आणि कुठलं घर ते सांगायचं तर पुढे 'ऑफ' (of) जोड. 'मूव ऑन' मात्र निराळं, झालंगेलं मागे टाकून पुढे जाणं.

'मूव इन विथ' जपून वापर. त्या मुलीला फक्त 'आमच्यात राहायला ये' म्हणायचंय, त्यात वावगं काही नाही. पण तू एखाद्या मुलाबद्दल 'आय अ‍ॅम मूव्हिंग इन विथ हिम' म्हणालीस, तर तुम्ही दोघं जोडीनं राहणार असाच अर्थ बहुतेक जण घेतील. नुसता फ्लॅट वाटून घेणार असाल तर 'वी आर शेअरिंग अ फ्लॅट' म्हण.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. मूव इन म्हणजे तू प्रत्यक्ष राहायला जाण्याचा दिवस. भाडं मात्र करारात लिहिलेल्या तारखेपासून लागतं. तुझं विमान चार दिवस उशिराचं असेल, तर त्या चार दिवसांचंही भाडं पडणार. निघतानाही तेच: बॅगा उचलून मूव आउट झालं म्हणजे करार संपला असं नाही. रीतसर नोटीस दिली नाही तर भाडं चालूच राहतं. नवी मुलं इथेच फसतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

डिपॉझिटचा कायदा आपल्या बाजूचा आहे. वर्षाचं भाडं 50,000 पौंडांच्या आत असेल तर 5 आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट मागता येत नाही. 2019 पासून इंग्लंडमध्ये हा नियम आहे. घेतलेलं डिपॉझिट घरमालकानं 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवायचं असतं. कोणत्या योजनेत ठेवलं ते विचारून घे.

मूव इनच्या दिवशी इन्व्हेंटरीचा कागद हातात येईल: कुठल्या खोलीत काय आहे, कशा अवस्थेत आहे. 'कार्पेट: गुड' लिहिलंय आणि पलंगाखाली इस्त्रीचा तिकोनी चटका दिसतोय, तर त्याच दिवशी फोटो काढून मेल कर. मीटरच्या आकड्यांचाही फोटो घे.

एजंटला आजच लिही: 'व्हेन कॅन आय मूव इन, अँड व्हेन डज द रेंट स्टार्ट?' दोन्ही तारखा लेखी आल्या की मगच तिकीट काढ.