बोअरचं जड पाणी आणि अणुभट्टीचं जड पाणी

प्रश्न असा : ‘आमच्याकडे बोअरच्या पाण्याला जड पाणी म्हणतात. बातमीत थळच्या जड पाणी प्रकल्पाबद्दल वाचलं. हे तेच पाणी का?’

नाही. शब्द एकच, पण जडपणाची कारणं अगदी निराळी.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, बादलीवर पांढरा थर चढतो. शाळेच्या पुस्तकात याला ‘दुष्फेन’ म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो, फेसाच्या खुणेवरूनच नाव! क्षार काढले की हा जडपणा गेला.

अणुभट्टीतल्या जड पाण्याचा जडपणा असा काढता येत नाही, कारण तिथे पाण्याचा रेणूच जड असतो. साध्या हायड्रोजनच्या केंद्रात एकटा प्रोटॉन असतो. ड्यूटेरियम या त्याच्या समस्थानिकात (त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या प्रकारात) सोबत एक न्यूट्रॉन असतो, म्हणून वजन जवळपास दुप्पट. असे दोन अणू ऑक्सिजनशी जोडले गेले की झालं जड पाणी. क्षाराचा कणही नसला तरी ते साध्या पाण्यापेक्षा लिटरमागे शंभर ग्रॅमहून जास्त भरतं, ३.८ अंशांनाच गोठतं आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात चक्क बुडतो. इथे ‘जड’ हा शब्द तराजूतल्या अर्थाने आहे. (ड्यूटेरियम किरणोत्सारी नाही, किरणोत्सारी तो ट्रिटियम, दोन न्यूट्रॉन असलेला हायड्रोजनचा तिसरा प्रकार. त्याच्या नावातला ग्रीक ‘ट्रिटॉस’ आपल्या ‘तृतीय’चा सख्खा भाऊ. हॅरॉल्ड युरी यांनी १९३१ मध्ये शोधलेल्या ड्यूटेरियमच्या नावातला ‘ड्यूटेरॉस’ म्हणजे दुसरा.)

हायड्रोजनच्या साधारण ६४०० अणूंत ड्यूटेरियमचा एक सापडतो. तो वेगळा काढायलाच थळसारखे प्रकल्प लागतात. अणुभट्टीत संथ न्यूट्रॉन युरेनियमचे अणू सहज फोडतात. जड पाणी न्यूट्रॉनचा वेग कमी करतं, पण त्यांना फारसं गिळत नाही. त्यामुळे समृद्ध न केलेलं, नैसर्गिक युरेनियमही इंधन म्हणून चालतं. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या अशा आहेत. १ आणि २ साध्या पाण्याच्या. तेव्हा सरसकट ‘तारापूरचं जड पाणी’ लिहिणं चूक.

बोअरबद्दल लिहिताना ‘दुष्फेन’ किंवा ‘क्षारयुक्त’ लिहावं, म्हणजे घोटाळा होणार नाही. बोलताना मात्र ‘पाणी जड आहे’ हे अस्सल मराठी आहे. जेवण जड होतं, डोकं जड होतं, तसंच हे. ते कुणी चूक म्हणून खोडू नये.