वाचकांचे प्रश्न : सीटी व्हॅल्यूवरून आजार किती वाढेल हे कळते का?

प्रश्न : २०२१च्या एप्रिलमध्ये माझ्या आई-वडिलांना एकाच वेळी कोविड झाला. वडिलांची तपासणी ताप आला त्याच दिवशी केली. आरटी-पीसीआरच्या अहवालात सीटी व्हॅल्यू १६ होती. आईने ताप अंगावर काढला, तिची तपासणी आठव्या दिवशी झाली आणि व्हॅल्यू ३१ आली. ‘वडिलांना जपा, आईची काळजी नको,’ असे सगळ्यांनी सांगितले. प्रत्यक्षात वडील घरीच बरे झाले आणि आईला ऑक्सिजनवर ठेवावे लागले. मग या आकड्याचा अर्थ तरी काय धरायचा? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दोन्ही अहवाल बरोबर असावेत, त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा होता. त्या महिन्यांत असा निष्कर्ष असंख्य घरांत काढला गेला आणि त्यापायी काही रुग्णांकडे वेळेवर लक्ष दिले गेले नाही, म्हणून या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देत आहे.

सीटी व्हॅल्यू म्हणजे नमुन्यातील विषाणूचे जनुकीय द्रव्य यंत्राला दिसू लागेपर्यंत जितकी आवर्तने करावी लागली, त्यांची संख्या. प्रत्येक आवर्तनात हे द्रव्य साधारणपणे दुप्पट होते. विषाणू भरपूर असेल तर तो लवकर दिसतो आणि आकडा लहान येतो. अगदी थोडा असेल तर तीस-पस्तीस आवर्तने लागतात. दहा आवर्तनांचा फरक म्हणजे सुमारे हजारपट फरक. त्या हिशेबाने आपल्या वडिलांच्या नमुन्यात आईच्या नमुन्यापेक्षा सुमारे तीस हजार पटींनी अधिक विषाणू होता, हे खरेच आहे. पण तो नाका-घशातील एका नमुन्यात, त्या एका दिवशी होता.

कोविडमध्ये नाका-घशातील विषाणूंची संख्या लक्षणे सुरू होण्याच्या आसपास सर्वाधिक असते आणि नंतर उतरत जाते. आजार गंभीर होतो तो बहुधा दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर, म्हणजे नाकातील विषाणू ओसरू लागलेला असताना. आणि त्या टप्प्यावर फुफ्फुसांची हानी मुख्यतः शरीराच्या स्वतःच्या, आवरेनाशा झालेल्या दाहामुळे होते. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत २०२० साली डेक्सामेथासोन हे दाह कमी करणारे स्वस्त औषध ऑक्सिजनवर वा व्हेंटिलेटरवर असलेल्यांचे मृत्यू कमी करते असे सिद्ध झाले; ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही. आठव्या दिवशी ३१ ही व्हॅल्यू येणे आणि त्याच सुमारास ऑक्सिजन खाली जाणे यांत म्हणूनच विसंगती नाही. वडिलांची १६ ही व्हॅल्यू तपासणी अगदी वेळेवर झाल्याचे सांगत होती. पुढे काय होणार, हे ती सांगत नव्हती.

विषाणूंची संख्या आणि तीव्रता यांचा काहीच संबंध नाही, असेही मी म्हणणार नाही. न्यूयॉर्कमध्ये पहिल्या लाटेत दाखल झालेल्या ६७८ रुग्णांच्या अभ्यासात सीटी व्हॅल्यू २५च्या खाली असलेल्यांपैकी ३५ टक्के रुग्ण रुग्णालयात दगावले. २५ ते ३० या गटात हे प्रमाण १७.६ टक्के आणि ३०च्या वर ६.२ टक्के होते. एवढे पाहून कोणालाही हा आकडा भविष्य सांगतो असे वाटेल. परंतु हे सगळे रुग्णालयात दाखल करण्याइतके आजारी असलेले लोक होते, आणि त्यांतही सर्वांत कमी व्हॅल्यूच्या गटातील जवळजवळ दोन-तृतीयांश रुग्ण वाचले, तर सर्वांत ‘सुरक्षित’ गटातीलही काही दगावले. गटाविषयी खरे असलेले विधान समोरच्या एका माणसाला लावताना किती जपावे लागते, हे यातून दिसते.

रुग्णालयाबाहेर तर हे नाते आणखी पुसट होते. इटलीतील व्हो या गावात २०२०च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बहुतांश रहिवाशांची दोनदा तपासणी झाली, तेव्हा लक्षणे असलेल्या आणि नसलेल्या बाधितांमधील विषाणूंच्या संख्येत लक्षणीय फरक आढळला नाही. मला सर्वांत बोलका वाटतो तो लंडनमधील प्रयोग. तेथे २०२१ साली निरोगी तरुण स्वयंसेवकांच्या नाकात विषाणूची मोजलेली मात्रा मुद्दाम सोडण्यात आली. त्यांपैकी १८ जणांना संसर्ग झाला, त्यांच्या नाकातील विषाणूंची संख्या प्रचंड वाढली, आणि तरीही ती संख्या व लक्षणांचा त्रास यांत प्रमाण जुळले नाही. विषाणू एकच, मात्रा एकच, वयोगट एकच आणि तपासणी दररोज. इतकी बंधने पाळूनही जे नाते सापडले नाही, ते घरी आलेल्या एका अहवालावरून कसे सापडावे?

फरक पडतो तो प्रामुख्याने माणसामाणसांतला. वय, मधुमेह, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे विकार, लसीकरण यांचा वाटा मोठा आहे. काहींच्या शरीरात तर इंटरफेरॉन या विषाणूविरोधी प्रथिनांनाच निकामी करणारी प्रतिपिंडे आधीपासून असतात; २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय संशोधनात अत्यवस्थ कोविड रुग्णांपैकी सुमारे दहा टक्क्यांमध्ये ती सापडली. आरटी-पीसीआरमध्ये यांपैकी काहीही दिसत नाही.

आणखी एक खुलासा आवश्यक आहे. त्या काळात सीटी व्हॅल्यू आणि एचआरसीटीचा ‘सीटी स्कोअर’ यांची सर्रास सरमिसळ झाली. छातीच्या स्कॅनवरून २५पैकी दिला जाणारा स्कोअर जितका अधिक, तितकी फुफ्फुसे अधिक ग्रासलेली. आरटी-पीसीआरची व्हॅल्यू मात्र उलट चालते. ‘नऊ आला’ किंवा ‘बावीस आला’ एवढेच फोनवर सांगितले गेले की ऐकणाऱ्याला धीर धरावा की धावपळ करावी हे कळत नसे.

प्रश्न : एकाच दिवशी दोन प्रयोगशाळांत तपासणी केली असता एका अहवालात २१ आणि दुसऱ्यात २७ अशी व्हॅल्यू आली. खरी कोणती? एचआयव्हीच्या ‘व्हायरल लोड’वर (रक्तातील विषाणूंच्या मोजणीवर) डॉक्टर विश्वास ठेवतात, मग येथे का नाही? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोन्ही खऱ्या असू शकतात. नमुना घेताना काडी किती खोल गेली, किती वेळ फिरवली, तिला किती पेशी चिकटल्या, नमुना थंड तापमानात पोहोचला की नाही, तपासणीचा संच कोणता आणि तो विषाणूचे कोणते जनुक शोधतो, या प्रत्येक गोष्टीने आकडा हलतो. बहुतेक संच नमुन्यात मानवी पेशी आल्या आहेत का हे पडताळून पाहतात. त्यामुळे नमुना पूर्ण वाया गेलेला नाही एवढे कळते, पण तो किती भरीव आहे हे अचूक कळत नाही.

एचआयव्हीची गोष्ट वेगळी आहे. तेथे ठरावीक आकारमानाच्या रक्तद्रवातील विषाणू मोजतात आणि ज्ञात संख्येच्या मानकाशी ताडून प्रति मिलिलिटर इतक्या प्रती, असे उत्तर देतात. शिवाय रक्त शरीरभर सारखे मिसळलेले असते. नाकातून काडीवर आलेल्या स्रावाचे आकारमानच ठाऊक नसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ऑगस्ट २०२०मध्येच सीटी व्हॅल्यूवरून संसर्गक्षमता वा उपचार ठरवू नयेत, असे कळवले होते. पुढे एप्रिल २०२१मध्ये बाधित ठरवण्याची मर्यादा २४वर आणता येईल का, अशी विचारणा महाराष्ट्राने केली, तेव्हा परिषदेने ती ३५च ठेवावी असे सांगितले. मर्यादा खाली आणली असती तर संसर्ग पसरवू शकणारे कितीतरी रुग्ण निर्बाधित ठरले असते. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो.

प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्या रुग्णात विषाणू आठवडेच्या आठवडे टिकला आहे का हे पाहताना, किंवा विषाणूविरोधी औषधाच्या चाचणीत, एकाच पद्धतीने वारंवार केलेली मोजणी उपयोगी पडते. एकट्या अहवालातील एकट्या आकड्याला तेवढे वजन नाही.

प्रश्न : माझ्या पाच महिन्यांच्या मुलाला खोकला आणि ताप आहे. श्वसनविकारांच्या पॅनेल तपासणीत (एकाच नमुन्यात अनेक विषाणू शोधणाऱ्या तपासणीत) आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू आढळला असून सीटी व्हॅल्यू १८ आहे. त्याला लगेच दाखल करावे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हा अंक आपल्या हाती वेळेवर पोहोचणार नाही म्हणून आपल्याला स्वतंत्रपणे कळवले आहेच, इतर पालकांसाठी तेच येथे देतो. आरएसव्हीच्या बाबतीत विषाणूंची संख्या आणि तीव्रता यांचे नाते काही अभ्यासांत आढळले, काहींत आढळले नाही. दाखल करण्याचा निर्णय त्यावर घेतला जात नाही. अकाली जन्म, हृदयाचा जन्मजात दोष किंवा वय तीन महिन्यांहून कमी असेल, तर आकडा काहीही असला तरी डॉक्टरांना लवकर दाखवावे.

बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत, पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास होत असतील, तर तो जलद श्वास समजावा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला घरोघरी ‘पोट उडणे’ म्हणतात, बाळ कण्हत असेल, अंगावर पिणे सोडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, श्वास मध्येच थांबत असेल किंवा बाळ जागे करूनही मलूल राहत असेल, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. यांपैकी काही नसेल आणि बाळ नेहमीच्या निम्म्याहून बरेच अधिक दूध घेत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी ठेवता येते. आजार साधारणपणे तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक जाणवतो, तेव्हा त्या दिवसांत श्वास दिवसातून अनेकदा मोजावेत. पॅनेल तपासणी पुन्हा करण्याची गरज नाही.