‘आमच्या क्षेत्राचा अनुभव नाही’ म्हणतात, तेव्हा काय सांगायचं?

तुम्ही लिहिलंय की आठ वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढली, आता सॉफ्टवेअर कंपनीच्या कस्टमर सपोर्टमध्ये जायचंय, आणि मुलाखतीत ‘टीमवर्क, संवादकौशल्य, ताणात काम करायची सवय’ हे सगळं सांगूनही समोरच्यांवर काही परिणाम झाला नाही. मी अशाच टीमसाठी माणसं निवडते, म्हणून टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते.

हे शब्द आम्ही प्रत्येक उमेदवाराकडून ऐकतो. तुमच्या बाबतीत ते खरे असतात, पण कानाला सारखेच लागतात. कौशल्याचं नाव घेण्याऐवजी काम सांगा.

शिफ्ट बदलतानाचा हँडओव्हरच घ्या. रुग्णाला आत्ता काय होतंय, आधी काय झालं, माझा अंदाज काय आणि पुढच्या सिस्टरने काय करायचं, या क्रमाने तुम्ही बोलत असाल. ‘एसबार’ नावाची ही पद्धत मुळात अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची. तिथून ती रुग्णालयांत आली. म्हणजे जे कौशल्य घेऊन तुम्ही क्षेत्र बदलताय, त्याने स्वतःच एकदा क्षेत्र बदललेलं आहे! सपोर्टमध्येही शिफ्ट संपताना अर्धवट तक्रारी दुसऱ्याच्या हाती जातात आणि माहिती नेमकी तिथेच गळते.

दुसरं, रात्री डॉक्टरांना कधी उठवायचं हा निर्णय. एखादा प्रसंग निवडा: काय दिसलं, किती वेळ वाट पाहिली, कशावरून फोन लावला, पुढे काय झालं. आमच्याकडे हाच प्रश्न रोज पडतो, की ही तक्रार आपणच सोडवायची की इंजिनिअरला आत्ताच्या आत्ता बोलवायचं. मात्र रुग्णाची ओळख पटेल असा एकही तपशील सांगू नका. ग्राहकांची माहिती तुमच्या हाती सोपवायची की नाही, हे आम्ही त्यावरूनही ठरवतो.

परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम हा मुलाखतीतलं उत्तर मांडायचा ‘स्टार’ साचा तुम्हाला माहीत असेलच. क्षेत्र बदलणाऱ्याने त्याला पाचवं वाक्य जोडायलाच हवं: ‘तुमच्या जाहिरातीत अमुक जबाबदारी लिहिली आहे, तिथे मला हे उपयोगी पडेल.’ हा सांधा तुम्हीच जुळवा. दिवसभर मुलाखती घेऊन थकलेला माणूस तो मनातल्या मनात जुळवेल, या भरवशावर राहू नका. माझ्या मते चांगले उमेदवार हातचे जातात ते इथेच.

‘पण आमच्या क्षेत्राचा अनुभव नाही’ असं कोणी म्हटलं तर वरमू नका, वादही घालू नका. नोकरभरतीच्या पद्धतींवरच्या जुन्या अभ्यासांचा मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये पुन्हा आढावा घेतला. सर्वांना ठरावीक प्रश्न विचारून घेतलेल्या मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी संबंध ०.४२ निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण), आणि अनुभवाच्या नुसत्या वर्षांचा जेमतेम ०.०७. हे आकडे मुलाखतीत ऐकवायचे नाहीत, स्वतःच्या धीरासाठी ठेवायचे. तिथे एवढंच म्हणा: ‘हो, ग्राहकांच्या तक्रारी म्हणजे तिकिटं नोंदवायचं सॉफ्टवेअर मी नोकरीत वापरलेलं नाही. घरी त्याच्या मोफत आवृत्तीवर तक्रारी नोंदवून, वर्गवारी करून पाहिली आहे.’ अर्थात तसं खरंच करून जा, कारण पुढचा प्रश्न त्यावरच येणार.

नर्सिंग का सोडताय, याचं उत्तर दोन वाक्यांत संपवा आणि त्यात जुन्या रुग्णालयाबद्दल तक्रार नको. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ म्हणाले, की विचारा: ‘शिफ्ट बदलताना तुमच्याकडे काम कसं सोपवतात, आणि त्यात सगळ्यात जास्त काय सुटतं?’ उत्तर नीट ऐका. ते जी अडचण सांगतील, तशी वॉर्डात आली तेव्हा तुम्ही काय केलंत ते तिथल्या तिथे सांगता येईल.