‘अप’ हा ॲनिमेशनपट आठ वर्षांच्या मुलासोबत पाहण्यासारखा आहे का? त्यात उणे काय आहे?

जरूर पाहावा, मात्र सुरुवातीला मुलाच्या शेजारीच बसावे. पीट डॉक्टर यांनी दिग्दर्शित केलेल्या पिक्सारच्या या २००९ सालच्या चित्रपटाचे खरे बळ कार्ल आणि एली यांचा संसार संवादाविना दाखवणाऱ्या आरंभीच्या काही मिनिटांत आहे. प्रवासासाठी नाणी साठवलेली काचेची बरणी कधी टायरसाठी, कधी मोडलेल्या पायासाठी, तर कधी घराच्या दुरुस्तीसाठी फोडावी लागते, आणि एवढ्यातूनच मध्यमवर्गीय संसारात स्वप्ने कशी लांबणीवर पडत जातात हे मनाला भिडते. नाशिकला आमच्या घरी हा प्रसंग पाहताना माझी आई मुकाट्याने डोळे पुसत होती, तर भाचा ‘एली आजी दवाखान्यात का रडतेय?’ असे विचारत होता. या प्रश्नाची तयारी पालकांनी ठेवावी. मायकेल जियाकिनो यांच्या संगीताला ऑस्कर मिळाले, आणि ते सर्वस्वी योग्यच होते.

उणीव उत्तरार्धात जाणवते. कार्लच्या बालपणीच प्रौढ असलेला खलनायक मंट्झ, कार्ल अठ्ठ्याहत्तरीत पोहोचल्यावरही तलवार घेऊन झुंजतो, हे पटत नाही. शिवाय त्याच्या खलवृत्तीला फारशी खोलीही दिलेली नाही. त्याच्या कुत्र्यांचे पाठलाग गरजेपेक्षा लांबले आहेत आणि लहानग्यांना ते भीतिदायक वाटू शकतात. तरीही, वडिलांच्या सहवासासाठी आसुसलेला छोटा मुलगा रसेल आणि हट्टी कार्ल यांच्यात हळूहळू जुळत जाणारे नाते शेवटपर्यंत खरे वाटते.