केळीच्या बागेत आभाळातून गोळा पडला, भरपाई कुणाकडे मागायची?

प्रश्न : रावेर तालुक्यात माझी केळीची बाग आहे. परवा रात्री आभाळात जळते पट्टे दिसले आणि सकाळी बागेत फुटबॉलएवढा धातूचा गोळा सापडला. पंचवीसेक खोडं मोडली, ठिबकच्या नळ्या तुटल्या. भंगारवाला चांगला भाव देतोय. माझ्या शेतात पडला म्हणजे गोळा माझाच ना? आणि आधी सूचना दिली नाही म्हणून तहसीलदारांवर दावा लावता येईल का?

उत्तर : भाऊ, आधी भंगारवाल्याला वाटेला लावा. गोळा तुमचा नाही. 1967च्या अंतराळ करारानुसार यान किंवा त्याचा तुकडा कुठेही पडला तरी मालकी मूळ मालकाचीच राहते. सापडलेली वस्तू सांभाळण्याची जबाबदारी आपला 1872चा करार कायदाही (कलम 71) सापडणाऱ्यावर टाकतो. विकलात तर अपहाराचं कलम लागू शकतं, आणि तुमचा मुख्य पुरावाही भट्टीत जाईल. हातही लावू नका. असे गोळे बहुधा रॉकेटच्या टाक्या असतात, आत हायड्रॅझिनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. 112वर कळवा, पोरांना लांब ठेवा.

तहसीलदारांचा नाद सोडा. अनियंत्रित पडणारा रॉकेटचा सांगाडा सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने येतो. अंदाज एका मिनिटाने चुकला तरी जागा साडेचारशे किलोमीटर सरकते, म्हणजे रावेरऐवजी मुंबईच्याही पुढे समुद्रात. अशा अंदाजावर कुठला तालुका रिकामा करणार? इस्रोने 2023च्या मार्चमध्ये मेघा-ट्रॉपिक्स-1 हा उपग्रह मुद्दाम प्रशांत महासागरावर उतरवला. तशी तजवीज सोडणाऱ्यानेच करायची असते.

म्हणून भरपाईही त्याच्याकडूनच. 1972च्या दायित्व करारानुसार जमिनीवरच्या नुकसानीला प्रक्षेपक देश, म्हणजे यान सोडणारा देश, पूर्ण जबाबदार असतो, त्याची चूक तुम्हाला सिद्ध करावी लागत नाही. पण या करारातला दावा भारत सरकारमार्फत, राजनैतिक मार्गाने जातो. मुदत एक वर्ष : नुकसान झाल्यापासून, आणि देश तेव्हा कळला नसेल तर तो कळल्यापासून. 1978 मध्ये सोव्हिएत उपग्रह कॅनडात कोसळला. कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले, 1981 मध्ये तीस लाखांवर मिटलं. देशाला अर्धे मिळाले, तेव्हा आपणही जपूनच आशा ठेवायची.

यान भारताचंच निघालं तर हा करार आपल्या नागरिकांना लागू होत नाही. 2017चा अंतराळ विधेयकाचा मसुदा कायदा झालाच नाही, त्यामुळे मग केंद्र सरकारविरुद्ध दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालय. फळपीक विम्यावर विसंबू नका, तो तापमान आणि वाऱ्याच्या निकषांवर मिळतो, आभाळातल्या लोखंडावर नाही.

2022च्या गुढीपाडव्याच्या रात्री चंद्रपूरच्या सिंदेवाहीत असंच मोठं कडं पडलं होतं, ते पोलिसांच्या ताब्यात गेलं. तुमचाही गोळा जाईल, पावती मागून घ्या. तलाठ्याकडून पंचनामा, केळीची नोंद असलेला सातबारा आणि टेप शेजारी धरून काढलेले फोटो जोडून जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज द्या, पोच घ्या. आणि पंचनामा होईपर्यंत मोडलेली खोडं बांधावर टाकू नका, घड काळे पडले तरी चालतील.