सरकारी पोर्टलवरचे बाजारभाव ॲपमध्ये वापरायला परवानगी लागते का?

डेटा डॉट गव्ह डॉट इनवरचे कांद्याचे रोजचे भाव घेऊन शेतकऱ्यांसाठी ॲप काढायचंय, त्याची वर्गणीही घ्यायचीय, तर परवानगी कुणाची काढायची, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते कुणाचीच नाही. पण हे उत्तर त्या पोर्टलवरच्या खुल्या माहितीपुरतंच.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार सरकारी प्रकाशनाचा हक्क सरकारकडेच राहतो, तोही ६० वर्षं. त्यामुळे संकेतस्थळावर दिसतंय म्हणून उचललं, असं चालत नाही. केंद्राने माहिती खुली करण्याचं धोरण २०१२ साली आणलं, पोर्टलही त्याच वर्षी आलं. वापराचा परवाना मात्र २०१७ साली जाहीर झाला. तुमचा खरा आधार हा परवाना. धंद्यासाठी वापर, फेरफार, भाषांतर, सगळ्याला त्यात मोफत मुभा आहे.

अटी मोजक्याच, पण त्या पाळाच. माहिती कुठून घेतली ते दुव्यासह लिहायचं. सरकारचा पाठिंबा आहे असं भासवायचं नाही. म्हणजे ‘सरकारमान्य’ हा शब्द नको आणि राजमुद्रा तर नकोच. माहिती अचूक असेल किंवा रोज मिळत राहील, याची हमी सरकार देत नाही. ही शेवटची अट तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. लासलगावच्या नोंदीत किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर क्विंटलमागे येतो, सोबत तारीख. लिलाव बंद असले की त्या दिवसाची नोंदच नसते. म्हणून तारीख भावाइतकीच ठळक दाखवा. परवाचा भाव आजचा समजून कुणी माल गाडीत भरला, तर नुकसान त्याचं होईल. किलोचा दर तुम्ही काढलेला असेल तर तसं स्पष्ट लिहा.

इतर सरकारी संकेतस्थळांवर तळाशी ‘कॉपीराइट धोरण’ असतं, ते आधी वाचा. काही ठिकाणी श्रेय दिलं की पुरतं, तर काही ठिकाणी आधी ईमेलने परवानगी मागावी लागते.

माहिती अधिकारात मिळालेल्या कागदांचंही विचारलंय. २००५चा कायदा माहिती मिळण्याचा हक्क देतो. ती छापून विकण्याचा परवाना त्यात आपोआप येत नाही. त्यातले आकडे मांडून स्वतःचं विश्लेषण लिहायला हरकत नाही, पण अख्खा अहवाल जसाच्या तसा छापायचा असेल तर त्या खात्याची लेखी परवानगी घ्या. हवी ती माहिती पोर्टलवर नसेल तर तिथेच मागणी नोंदवायची सोय आहे. ती वापरा, म्हणजे पुढच्या माणसालाही माहिती परवान्यासकट मिळेल.